हाताचे टाके

व्हिडिओचे भाग पाडून देणं हे तसं निरुपद्रवी काम. कोणी तासभर बोलत बसतो, बघणाऱ्याला त्यातली दोनच मिनिटं हवी असतात. म्हणून कोणीतरी खाली लिहून ठेवायचं, इतक्या मिनिटाला हे, तितक्या मिनिटाला ते, म्हणजे बघणारा उडी मारून नेमका तिथे पोचतो. थोरली हे काम घरी बसून करायची, एकूण अकरा चॅनलांचं, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

कारण ती ऐकतच नसे. आवाज बंद ठेवून ती पडद्यावरची आवाजाची रेघ बघायची. माणूस बोलू लागला की रेघेला डोंगर येतात, थांबला की ती सपाट होते. सपाट जागा दिसली की तिथे खूण करायची, चित्रावर एक नजर टाकून नाव द्यायचं आणि पुढे जायचं. तासाभराचा व्हिडिओ आठ मिनिटांत हातावेगळा होई.

अकरांतलं एक चॅनल तिच्या आईचं होतं. आई दुसऱ्या गावी एकटी राहायची आणि शिवणकाम शिकवायची. शिवता शिवता गुडघ्यांपासून पोरांपर्यंत वाट्टेल ते बोलायची. एकदा ती फोनवर म्हणाली होती, "अगं, माझं तरी ऐकत जा."

"आई, लोकांना बाही कशी बसवायची ते हवंय. तुझे गुडघे किती दुखतात ते नकोय."

"मी लोकांना कुठे सांगत होते?" आई म्हणाली आणि तिने विषय बदलला.

आईला जाऊन आता दोन महिने झाले होते. गुरुवारी ती घरात कोसळली आणि शनिवारी शेजारणीने दार उघडलं तेव्हा कळलं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत जीव होता, वेळेवर कोणी पोचलं असतं तर, असं डॉक्टर धाकट्याला म्हणाले होते. बहिणीशी बोलताना धाकटा अजूनही त्या 'तर'पाशी येऊन अडायचा.

आईला कॅमेरा बंद करायचं भान नसे, म्हणून थोरलीनेच तो तसा लावून दिला होता. चाळीस मिनिटांनी आपोआप बंद होई आणि व्हिडिओ थेट थोरलीकडे येई. त्या गुरुवारी दुपारीही आला होता. तिने लगेच त्याचे चार भाग पाडले, रविवारी प्रसिद्ध होईल असा लावला आणि चहा प्यायला उठली. शनिवारी बातमी आल्यावर तिने तो अडवून ठेवला, पण उघडला मात्र नाही. का, ते ती स्वतःलाही सांगत नसे.

आज सकाळी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचा फोन आला. तेही तिचं एक गिऱ्हाईक.

"बाई, माझ्या व्हिडिओत टाके कसले घातलेत? एकविसाव्या मिनिटाला, 'हाताचे टाके'. मी तिथे स्प्रिंग बसवतोय."

तिने माफी मागितली आणि ती खूण पुसली. अर्ध्या तासाने खूण तिथेच परत आली. मग गिटार शिकवणाऱ्याच्या व्हिडिओत आली, मग गणिताच्या बाईंच्या. सगळीकडे एकवीस मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद. आणि खुणेपाशी सपाट रेघेवर तीन बारीक टोकं, थोडी जागा, पुन्हा तीन टोकं. ही टोकं तिने आधी कुठे पाहिली होती ते तिला चांगलं ठाऊक होतं.

दुपारी धाकट्याचा फोन आला. "ताई, आईचा शेवटचा व्हिडिओ पाठव ना. तू पाहिलायस ना पूर्ण?"

"पाहिलाय," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत पाठवते."

फोन ठेवून तिने तो उघडला, आणि पहिल्यांदाच कानाला हेडफोन लावले.

एकविसाव्या मिनिटापर्यंत आई हसतखेळत बोलत होती. मग छातीवर हात ठेवून ती उठली, खुर्ची धरायला गेली आणि चित्राबाहेर खाली गेली. मागे उरली रिकामी खुर्ची आणि मशीनवर अर्धी बाही. मग फरशीवर कात्रीची मूठ आपटली. ठक ठक ठक.

थोरलीने आवाज वाढवला. त्या ठोक्यांच्या मधे, रेघेवर उमटणार नाही इतकं हळू, आई बोलत होती.

"थोरले... फोन टेबलावर राहिला गं... हात पोचत नाही..."

ठक ठक ठक.

"तुझ्याकडे येईल हे... लगेच बघशील ना... शेजारणीला फोन कर..."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला.

"तू ऐकत नाहीस... म्हणून वाजवतेय... दिसेल तुला..."

तिला दिसलं होतं. अर्धी बाही आणि बारीक टोकं बघून तिने त्याला नावही दिलं होतं. अठरा मिनिटांचा तो भाग तिने शेवटपर्यंत ऐकला आणि तिला स्वतःची किळस आली. पण त्याहून मोठी भीती होती ती धाकट्याची. त्याला हे कळलं तर तो पुन्हा तिचं तोंड बघणार नव्हता. तिने एकविसाव्या मिनिटाशी व्हिडिओ कापला, उरलेले तीन भाग नीट नावं देऊन त्याला पाठवले आणि मूळ व्हिडिओ कायमचा पुसून टाकला. नेहमीसारखं आठ मिनिटांत सगळं हातावेगळं झालं, याचाच तिला राग आला.

साडेसहाला धाकट्याचा फोन आला. त्याचा आवाज रडून जड झाला होता.

"बघतोय गं. किती छान बोललीय... चौथ्या भागाला नाव द्यायचं राहिलंय तुझ्याकडून. नुसती वेळ आहे."

"तीनच आहेत."

"चार आहेत, ताई. चौथ्यात तू दिसतेस. पाठमोरी, पिवळ्या स्वेटरमध्ये, कॉम्प्युटरपुढे... कोणी काढलाय?"

तिने अंगावरच्या पिवळ्या स्वेटरची बाही मुठीत धरली. मागे वळून पाहिलं नाही.

"इतकं खालून कसं काढलं... फरशीवर कॅमेरा ठेवल्यासारखं..." तो म्हणाला. "आणि हा भाग संपतच नाहीये. वेळ वाढतेच आहे... आता फोन कानाला लावलायस."

तिने फोन कानाशी आणखी दाबला.

"ताई... मधेमधे ते काय वाजतंय?"

आवाज तिलाही येत होता, पण फोन लावलेल्या कानात नाही. दुसऱ्या कानात, खुर्चीच्या मागून, जमिनीलगत. सांगायचं तर आत्ताच सांगता आलं असतं. तिने तोंडही उघडलं.

"काही नाही रे," ती म्हणाली. "हाताचे टाके आहेत."