दाखल्यातला नाथा

सोमेश्वरला आगीचं भय कधी वाटलं नाही, कारण आगीचे दाखले तोच द्यायचा. बीडमधल्या दुकानांच्या इमारतींना दर सहा महिन्यांनी एक कागद लागतो. लाईट गेली तर आग विझवायचा पंप जनरेटरवर चालतो, आम्ही चालवून पाहिला, असा तो कागद. सोमेश्वर तो चहा पिता पिता भरायचा, पंपाचं तोंडही न बघता. पंप कुणी चालवला, असा एक रकाना असे. तिथं तो दर वेळी 'नाथा' असं लिही. असा कुणी नाथा नव्हताच. पहिल्यांदा सुचलं ते नाव दिलं ठोकून, तेच पुढं चाललं. आणि याच गृहस्थाला जगातले बाकी सगळे लोक लबाड वाटत, ही आणखी मजा.

त्या दुपारी तो सायलीला, म्हणजे आपल्या पोरीला, नेकनूरहून गाडीवर घेऊन आला. तिनं पोलीस भरतीसाठी एका कॉम्प्लेक्समध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत नाव घातलं होतं. साठ पोरं-पोरी, अरुंद असा एकच जिना, खिडक्यांना पत्रे ठोकलेले. त्या इमारतीचा दाखला? तोही याचाच. सायली जिना चढून गेली, तेव्हा कुठं या शहाण्याला आपला कागद आठवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पंप बघावासा वाटला.

तळघराची किल्ली मागितली तर मॅनेजर भगवानराव हसायलाच लागले.

"कशाला? आजवर कदी गेलतात का खाली?"

"आज जातो. लाईट गेलीच हाय, जनरेटर लावून बघू."

"कशावर लावता? त्याची बॅटरी माझ्या ट्रॅक्टरला हाय," भगवानराव म्हणाले. लाज नावाला नाही.

सोमेश्वर किल्ली घेऊन मोबाईलच्या उजेडात खाली उतरला. भिजलेल्या पुठ्ठ्यांचा आणि उंदरांच्या लेंड्यांचा वास नाकात बसला. जनरेटरवर साड्यांची खोकी रचलेली. डिझेलची टाकी ठणठणीत कोरडी. पंपाकडे जाणारी केबल मधेच कापून कुणीतरी साडीच्या दुकानाच्या एसीला जोडलेली, पंपाकडचा तुकडा भिंतीवर लोंबत होता. वर पोरगी आणि खाली हे. भगवानरावच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाल्यावर त्यानं ठरवलं, सायलीला आत्ताच्या आत्ता घरी न्यायचं. बाकीच्या एकोणसाठ जणांचं काय? त्यांचे बाप बघतील. असा हा माणूस.

तो वळला, आणि मागं पंप सुरू झाला.

आधी घरघर, मग चांगला भरघोस आवाज. उजेड फिरवला तर पंपाजवळ तेलाच्या डब्यावर एक माणूस बसलेला. चेहरा दिसत होता, पण नजर हलवली की लक्षात राहत नव्हता.

"आज आलात व्हय साहेब खाली?"

"कोण बे तू?"

"नाथा."

सोमेश्वरनं उजेड त्याच्या तोंडावर धरला. भगवानरावानं कुणीतरी आणून बसवला असेल, चेष्टा चाललीय आपली, असं त्यानं मनाला बजावलं. पण कापलेली केबल तिथंच, हाताच्या अंतरावर लोंबत होती...

"दाब बगा," नाथा हळूच म्हणाला. "तुमी लिवता तेवढाच हाय."

काटा बरोबर सातावर होता. सोमेश्वरनं शेजारचा व्हॉल्व्ह फिरवला. थेंब नाही. पूर्ण उघडला. साधी हवासुद्धा आली नाही. पंप मात्र जोरात चाललेला.

"पाणी... पाणी कुठंय?"

"पाण्याचं तुमी कुठं लिवलंय?"

तेवढ्यात जळक्या रबराचा वास जिन्यावरून खाली आला आणि मोबाईल वाजला. सायली होती.

"पप्पा, जिन्यातला इन्व्हर्टर पेटलाय. लई धूर झालाय. आमी सगळे खाली उतरायलोच होतो, पण जिन्यात एक माणूस भेटला. म्हणला, घाबरू नका, पंप चालू हाय, वरच थांबा."

"कोण... कोण माणूस?"

"नाथा म्हणून. तुमच्याच हाताखालचा हाय म्हणतोय."

नाथा समोर डब्यावरच बसलेला होता. फडक्यानं हात पुसत होता.

सोमेश्वर तळघराच्या दाराकडं धावला. दार बाहेरून लागलं होतं की आतून, कुणास ठाऊक, पण ते हललं नाही. खांदा मारला, लाथा घातल्या. मग मोबाईल तोंडाशी धरून बेंबीच्या देठापासून ओरडला, "सायली, ऊठ. धुरातून का हुईना, पळ खाली. पंप चालू नाही, ऐकतीस का, पाणीच नाही." बोलेल तसा पंपाचा आवाज वाढत गेला. स्वतःचा शब्द स्वतःला ऐकू येईना. उभ्या जन्मात तो एवढं खरं कधी बोलला नव्हता.

"काय? ऐकूच येईना पप्पा," पलीकडून सायली खोकत खोकत म्हणाली. तिच्या आवाजात कसली काळजी नव्हती. "खाली पंपाचा आवाज लई हाय ना. बरं झालं तुमी हायत तिथं. आमी दार लावून परत जागेवर बसलोय."