पोहोचल्याशिवाय केर नाही

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पैज लावतो.

आयुष्यभर थापा मारल्या, त्या लोकांनी घटाघट गिळल्या. आता एकदाच खरं सांगायला बसलोय, तर सगळे भुवया उडवणार. ठाऊक आहे मला.

गेल्या महिन्यात आमच्या डोंबिवलीच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल खडवलीला गेलेली. नदीकाठी जेवणं झाली आणि मग नेहमीचा छळ सुरू झाला. प्रत्येकाने काहीतरी म्हणून दाखवायचं. दोन भावगीतं झाली. मधुमेहावरची एक कविता झाली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, भुताची गोष्ट सांगतो. माझ्या घरची. खरी.

तिथे सांगितली तशीच इथे लिहितोय. मध्ये कोण काय बोललं, तेही.

"भर दुपारी कसलं भूत, अण्णा?" राजरत्न म्हणाला. हा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेला. संशय घ्यायचाच त्याला पगार मिळायचा.

"माझं भूत दुपारचंच आहे," मी म्हटलं. "रात्री ते झोपतं."

बायका हसल्या. आमच्या शेजारच्या ब्लॉकमधल्या माया वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या उष्ट्या पत्रावळी गोळा करत होत्या.

तर ऐका.

माझी बायको उत्तरा. तिला जाऊन वर्ष उलटलं. मुलगा अद्वय सॅन फ्रान्सिस्कोला. टिळकनगरच्या घरात मी एकटा.

उत्तराचा एक नियम होता. घरातून कोणी प्रवासाला निघालं, की ते माणूस पोहोचेपर्यंत केर काढायचा नाही. जाणाऱ्याच्या पाठोपाठ झाडू फिरवला की त्याची परतीची वाट पुसली जाते, असं तिची आई म्हणायची. तुमच्यातही असेल हे.

मी पुण्याला गेलो तर प्रश्न नव्हता. चार तासांचा केर.

पण अद्वय अमेरिकेला निघाला की पंचाईत. तेव्हा विमान मध्ये दुबईला थांबायचं. तो तिथून फोन करायचा, आई, दुबईला उतरलो. मग उत्तराने त्यावर तोडगा काढला. अर्धा पोहोचला, म्हणून अर्धा केर. स्वयंपाकघर झाडायचं. हॉल मात्र तो अमेरिकेत उतरल्यावर.

"वहिनींचा हिशोब पक्का," कोणीतरी म्हणालं.

मग मुंबईहून थेट विमान सुरू झालं. मध्ये कुठे उतरणं नाही, सामान बदलणं नाही. इथे बसलं की उठायचं ते सॅन फ्रान्सिस्कोला. अद्वय फोनवर नाचत होता. "आई, तुला नुसती शिंक आली ना, तरी दुसऱ्या दिवशी दारात उभा असेन!"

आम्ही सगळे खूश. उत्तरा नाही.

"मध्ये कुठे टेकणारच नाही?" ती म्हणाली. "एवढा वेळ माणूस नुसता हवेत? ना इथला, ना तिथला?"

मग जरा वेळाने म्हणाली, "आणि मी केर कधी काढू?"

खूप हसलो होतो तेव्हा.

तर यंदा वर्षश्राद्धाला अद्वय आला. त्याच थेट विमानाने. चार दिवस राहिला.

"आलेला?" राजरत्नने मान वर केली. "आम्हाला कोणाला दिसला नाही तो."

"तुला मोतीबिंदू आहे."

पुन्हा हशा. राजरत्नही हसला, पण म्हणाला, "आम्ही घरी तरी कधी येणार दिसायला? तू तर चहासुद्धा दारातूनच कटवतोस."

मी ते न ऐकल्यासारखं केलं आणि पुढे निघालो.

जायच्या दिवशी हॉलमध्ये नुसता पसारा. बॅग काट्यावर चढवायची, वजन जास्त भरलं की उतरवायची. लोणच्याची बरणी आत, बाहेर, पुन्हा आत. चिवड्याची पिशवी फुटली. निळ्या चिकटपट्टीचे तुकडे, वर्तमानपत्राचे कपटे, शेंगदाणे... सगळीकडे.

मध्यरात्रीनंतर गाडी आली. उत्तरा ठेवायची तसं मी त्याच्या हातावर दही ठेवलं. तो पाया पडला.

"येतो, बाबा."

लिफ्ट खाली गेली. मी तिचा आवाज ऐकत उभा राहिलो. खाली गाडीचं दार वाजलं. मग तेही नाही.

तुम्हाला सांगतो, माणूस गेल्यावर घर लगेच रिकामं होत नाही. आधी ते भांबावतं. बाथरूममध्ये त्याचा टॉवेल ओला असतो. टेबलावर त्याचा कप असतो, तळाशी चहा असलेला. हळूहळू सगळं वाळतं.

मग होतं रिकामं.

सकाळी मोबाइलवर त्याचं विमान बघितलं. ते असतं ना, नकाशावर पिवळं इवलंसं विमान सरकताना दिसतं. ते पार पूर्वेला पोहोचलेलं. मी रात्रीचंच वरण गरम करून जेवलो. पुन्हा बघितलं. आता खाली समुद्र. जिकडे बघावं तिकडे निळं, आणि मधोमध माझा एकुलता एक मुलगा.

दुपार काही केल्या सरेना.

काहीतरी करायचं म्हणून मी झाडू घेतला.

"अरे देवा," एक बाई हळूच म्हणाल्या.

हो. विसरलो मी. चाळीस वर्षं नियम लक्षात ठेवायचं काम तिचं होतं. माझं काम थट्टा करायचं. आठवण करून देणारीच नाही म्हटल्यावर...

आतून दारापर्यंत लख्ख झाडलं. सुपलीत भरलं. पिशवीत घालून खाली सोसायटीच्या पिंपात टाकून आलो. झाडू भिंतीला उभा केला आणि खुर्चीत बसून मोबाइल बघितला.

विमान थांबलेलं.

डोळे पुसले. पुन्हा बघितलं.

समुद्राच्या मधोमध... थांबलेलं.

"अण्णा, समुद्रावर सिग्नल मिळत नाही," राजरत्न म्हणाला. "ठिपका थांबतो. विमान चालूच असतं."

"ते मला आता सांगतोयस. तेव्हा कोण होतं सांगायला?"



अद्वयला फोन लावला. बंद. लागणारच नव्हता, तरी लावला. पुन्हा लावला. ठिपका आहे तिथेच. बाहेर शाळेची व्हॅन हॉर्न देत होती, तीही गेली. पंखा मी बंद केला. का, ते सांगता येत नाही. काहीतरी ऐकू यावं म्हणून असेल.

आणि मग ऐकू आलं...

सर्र... सर्र...

(इथे मी पत्रावळीवरून नखं फिरवून तो आवाज काढून दाखवला. माझा हातखंडा आहे. पुढच्या रांगेतल्या एक बाई सरकून शेजारणीला चिकटल्या.)

झाडूचा आवाज.

वाटलं, माया वहिनी झाडत असतील. दार उघडून बघितलं. त्यांच्या दाराला कुलूप. त्या दिवशी त्या आंबिवलीला बहिणीकडे गेलेल्या.

दार लावलं. आवाज थांबला.

वळलो...

भिंतीला उभा केलेला झाडू दाराआड आडवा ठेवलेला होता.

उत्तरा झाडू कधी उभा ठेवू द्यायची नाही. दाराआड आडवाच. चाळीस वर्षं.

मी खाली बघितलं. उंबरठ्याच्या आत, लख्ख झाडलेल्या फरशीवर, धुळीची एक बारीक रेघ. त्यात निळ्या चिकटपट्टीचा तुकडा. आणि एक शेंगदाणा.

झाडताना धुळीत ओरखडे उठतात ना, तसे उठलेले.

पण आपण झाडतो ते आतून दाराकडे.

हे ओरखडे... दाराकडून आत आलेले.

 नदीत कोणाची तरी पोरं डुंबत होती, ती नेमकी तेव्हाच गप्प झाली.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जिना धरला. या गुडघ्यांनी धावलो! पिंपात कमरेपर्यंत वाकलो. वॉचमन म्हणाला, "अण्णा, काय हरवलं का?"

"केर हरवलाय माझा!"

"आणि मिळाला?" राजरत्न.

"मिळाला! वरून कोणीतरी कांद्याची सालं टाकलेली. तीपण आणली. म्हटलं, वेळ कुठे आहे निवडायला?"

सगळे हसले. घाबरलेली माणसं हसतात तसे, गरजेपेक्षा मोठ्याने.

पिशवी हॉलच्या मधोमध उपडी केली. मुठीने पसरला केर. जिथला तिथे, आठवून आठवून. चिवडा सोफ्याशी, कपटे खिडकीखाली, चिकटपट्टी जिथे बॅग होती तिथे. मग त्या केरात मांडी घालून बसलो आणि मोबाइल समोर ठेवला.

"उत्तरा," मी म्हटलं. "चुकलं माझं. त्याला पोहोचू दे."

काही नाही.

आतल्या खोलीत काहीतरी हललं. बांगड्यांसारखं वाजलं... किंवा नसेलही.

आणि ठिपका सरकला.

पुढच्या रांगेतल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

रात्री उशिरा अद्वयचा फोन. "बाबा, पोहोचलो. मध्ये एकदा विमान असलं हललं ना, लोक रडायला लागले. आणि मग एकदम शांत. कोणीतरी खालून हात धरल्यासारखं. आणि गंमत सांगू? उतरताना बघितलं, तर माझ्या पायाशी एक शेंगदाणा."

"विमानात शेंगदाणे देतातच, अण्णा!" राजरत्न ओरडला.

"तिखट-मीठ लावलेले? कढीपत्त्यासकट?"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. मी पाणी प्यायलो.

"मग आता?" कोणीतरी विचारलं. "अजून येतो तो आवाज?"

"येतो," मी म्हटलं. "दुपारचा. मी ते विमान अजून रोज बघतो. सवय लागली. ते समुद्रावर गेलं की पंखा बंद करतो आणि बसतो. मग येतो."

राजरत्न उठून माझ्या शेजारी येऊन बसला. त्याचा सूर बदललेला.

"म्हणजे पोरगा येऊन गेला, अण्णा. आम्ही उगाच बोललो रे. आईच्या शेवटच्या दर्शनाला आला नाही, वर्षश्राद्धालाही फिरकला नसेल, म्हणून संघात सगळ्यांनी त्याच्या नावाने बोटं मोडली. मीपण मोडली. माफ कर."

"जाऊ दे," मी म्हटलं. "गुणी आहे माझा अद्वय. त्याच्या व्हिसाची भानगड होती तेव्हा. निघाला असता तर परत जाता आलं नसतं. पुढच्या वेळी आला की तुला भेटवतो."

"अण्णा."

माया वहिनी. पत्रावळींचा गठ्ठा त्यांनी खाली ठेवला होता.

"मी आंबिवलीला गेले नव्हते."

"कधी?"

"कधीच नाही. बहीण दोन वर्षांपूर्वीच पनवेलला राहायला गेली माझी." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "वर्षश्राद्धाला दिवसभर मी तुमच्याकडे होते. स्वयंपाक मी केला. भटजींना वाढलं, तुम्हाला वाढलं. तिसरं पान मांडायला लागले तर तुम्हीच म्हणालात, नको. अद्वय आला नव्हता, अण्णा."

राजरत्नने माझ्याकडे बघितलं. मी नदीकडे.

"वहिनी, अहो, गोष्ट आहे ती..."

"आणि केर काढला म्हणता? तुम्ही?" त्या एक पाऊल पुढे आल्या. "उत्तराताईंना नेल्यावर घर झाडून धुवायचं म्हणून मी बादली घेऊन आले. तुम्ही दारात आडवे आलात. म्हणालात, ती पोहोचल्याचं कळू दे आधी. झाडू माझ्या हातात दिलात आणि दार लावलंत. तो अजून माझ्याकडे पडलाय. वर्ष झालं, तुमच्या घरात झाडूच नाही."



मी हसायला गेलो. थापाड्याला शेवटी हसता आलं पाहिजे. नाही जमलं.

माया वहिनींनी पत्रावळीवरच्या माझ्या नखांच्या ओरखड्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"बाकी सगळं खोटं, अण्णा," त्या म्हणाल्या. "पण तो आवाज तुम्हाला कसा काढता आला? मी तर कोणाला बोलले नव्हते. भिंतीपलीकडून मलाही येतो तो. रोज दुपारी. दाराकडून आत."