बोळवणीची बाजू

दिवा जरा अलीकडे घ्या, तिथं वारा लागतो. हां, आता ठीक.

तुम्ही विचारलंत, एवढी मोठी कंपनी दारात चालून आली असताना मी नुरुद्दीनशेठच्या टीचभर कंपनीकडे का गेले. गावात सगळे म्हणतात, केसरचं डोकं फिरलं होतं. म्हणू देत. तुम्ही ऐका आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. चौलपासून अलिबागपर्यंत कुठल्याही गणपतीच्या मांडवात माझी गाणी ठेवायचे. पोरं शिट्ट्या मारायची आणि ते मला आवडायचं, खोटं कशाला सांगू! पण मनात एकच होतं, माझी रेकॉर्ड निघायला हवी. मी मेल्यावरही माझा आवाज कुणाच्या तरी ओटीवर वाजत राहिला पाहिजे. त्यासाठी दोन माणसं तयार होती. एक ताम्हणेसाहेब, मुंबईच्या मोठ्या कंपनीचे, गोरेपान, करकरीत बुटांचे. दुसरे नुरुद्दीनशेठ, रेवदंड्याचेच, मुंबईत दोन खोल्यांत कंपनी चालवणारे. दोघांनीही मला एका लग्नात ऐकलं होतं आणि दोघांनाही माझा धवला हवा होता.

धवला म्हणजे आमच्याकडचं लग्नाचं गाणं. धवलारीण मांडवात बसून आधी देवांना बोलावते, मग त्या घरातल्या मेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. या, बसा, पोराचं लग्न बघा. आणि लग्न लागलं की तीच त्यांना बोळवते, आपापल्या जागी परत पाठवते. माझी मावशी मनुबाई धवलारीण होती, मी तिच्याच मांडीला मांडी लावून शिकले. रेकॉर्डचं कळल्यावर ती रागावेल असं वाटलं होतं. ती सुपारी कातरत म्हणाली, "गा की. गान्याला काय कुलूप घालाचं हाय? पन ज्याला बोलावशील त्याला बोळवल्याबिगर उठू नको. येवढं पाळ."

ताम्हणेसाहेबांनी अलिबागला समुद्राच्या बाजूला एक बंगला भाड्यानं घेतला होता. सकाळच्या एस.टी.नं मी एकटीच गेले. फडक्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी, अंगावर इस्त्रीचं पातळ. आज आवाज तपासायचा, पसंत पडला की करारावर सही. मी वाटभर सहीचाच सराव करत होते.

बंगल्यात शिरले आणि भर दुपारी डोळ्यांपुढे अंधार झाला. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून साहेबांनी सगळ्या खिडक्यांवर जाड गोधड्या ठोकल्या होत्या. दार लावलं की समुद्रसुद्धा ऐकू येईना. गोधड्यांचा कुबट वास, मशीनचा लहानसा तांबडा दिवा, आणि जमिनीवर माझ्यासाठी एक चटई. बाकी सगळी खोली रिकामी. मशीनजवळ सदा नावाचा त्यांचा माणूस बसला होता.

मी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. "साहेब, बूट काढता का? धवल्याला पायात काही घालत नाहीत."

ते हसले. "लग्न आहे का इथं?"

मग त्यांनी सांगितलं की फक्त बोलावण्याचा भाग म्हण. दुसऱ्या बाजूला एखादं नाचाचं गाणं घालू. मी विचारलं, बोळवण?

"ती रडकी आहे गं. कोण ऐकणार? आणि ती नावंबिवं काढून टाक. कुणाच्या आजोबा-पणजोबांची नावं लोकांना कशाला? ते शेवटचं कडवं आहे ना, तेवढंच घे."

शेवटच्या कडव्यात नाव नसतं. बोलावताना कुणी राहून गेलं असेल, तर त्यानं रुसू नये म्हणून ते असतं. नाव घेतलं की घरचंच माणूस येतं. नावाशिवाय बोलावलं तर कोण येईल, हे मनुबाईलाही सांगता आलं नसतं. पण मला वाटलं, लगेच बोळवण म्हणून टाकीन, यांच्या मशीनवर नाही तर नाही.

मी म्हटलं,

*"नाव ज्याचं राहिलं, त्यानं रुसू नाही,*
*वल्या पायानं यावं, मांडव आपला हाय."*

गाणं संपलं. सदानं रिळं उलटी फिरवली आणि माझाच आवाज त्या अंधारातून मला ऐकू आला. काय सांगू तुम्हाला! अंगावर काटाच आला. इतकी चांगली गाते मी?

आणि मग पहिल्या ओळीनंतर, जिथं मी श्वास घेतला होता तिथं, काहीतरी ऐकू आलं. अनवाणी पावलं. ओल्या तळव्यांची. कुणीतरी चटईवर टेकल्यासारखा आवाज...

मी सदाकडे बघितलं. तो मशीनकडे बघत होता. त्याचं बोट बटणावरच राहिलं होतं.

"वा!" साहेब म्हणाले. "खोली काय घुमते! परत लाव."

परत लावलं. आता पावलं जास्त होती. खोलीत वास यायला लागला, भरती ओसरल्यावर खाजणातल्या चिखलाला येतो तसला. माझ्या डाव्या खांद्याजवळ कुणाच्या तरी ओल्या कपड्याचा गारवा लागला. तिथं कुणी नव्हतं.

"साहेब... मला बोळवण म्हणू द्या."

"पुढच्या वेळी."

"आत्ता. मशीन बंद ठेवा हवं तर."

"केसर, गाणं काय घ्यायचं हे मी ठरवतो. तू गायचं. हे आधी कळलं तरच पुढे जाशील." आणि त्यांनी करार पुढे केला. "सही कर. सदा, परत लाव."

मी घाबरले होते, पण त्याहून जास्त चिडले होते. ही रेकॉर्ड म्हणजे माझं सगळं होतं, आणि हा माणूस माझंच गाणं मला अर्धं करून देत होता! मी सही न करता उठले, दार उघडलं आणि पायरीखाली उन्हात उभी राहून मोठ्यानं बोळवण म्हटली.

*"जेवलात, निवलात, आता वाट धरा,*
*आपल्या आपल्या ठायी सुखानं ऱ्हावा."*

उंबऱ्यावर पाण्याचा एक पाय उमटला. मग त्यापुढे दुसरा. तापलेल्या फरशीवर ओले तळवे एकामागून एक पायऱ्या उतरत माझ्या बाजूनं जायला लागले. मी गात राहिले. माझा आवाज कापला नाही, याचा मला अजून अभिमान आहे.

तेवढ्यात आत साहेबांनी स्वतःच्या हातानं मशीन सुरू केलं. माझाच आवाज आतून म्हणाला, मांडव आपला हाय.

पायऱ्या उतरलेले ते तळवे जागच्या जागी वळले. बोटं बंगल्याकडे झाली. आणि सगळे परत आत गेले.

सदा बाहेर पळत आला, तो थेट फाटकापर्यंत. मी तिथंच ठरवलं. माझा आवाज या माणसाला द्यायचा नाही, जन्मभर मांडवातच गावं लागलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी मी रेवदंड्याला नुरुद्दीनशेठच्या घरी गेले. त्यांची बायको कुलसुम हिनं चहा दिला. मी एकच विचारलं, "दुसऱ्या बाजूला बोळवण घ्याल?"

शेठनी दाढीवरून हात फिरवला. "बेटी, मेहमान घरात आला तं त्याला दारापावेत सोडाला नको? एका बाजूला बुलावा, दुसऱ्या बाजूला रुखसत. खपली न्हाय तं न्हाय."

मी तिथंच सही केली.

पुढच्या आठवड्यात सदा चौलला माझ्या घरी आला. मी निघाल्यावर त्या दिवशी तो बंगल्यात परत गेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्याच्या मालकाबरोबर दार उघडलं तर मशीन चालूच होतं, रीळ संपून टेपचं टोक फटफटत होतं. साहेब नव्हते. सामान होतं, पाकीट होतं, टोपी होती. बूट तेवढे नव्हते. पोलीस आले, कोळ्यांनी समुद्र बघितला. काही मिळालं नाही. टेप सदानं माझ्यासमोर चुलीत घातली.

पावसाळ्यानंतर मुंबईत शेठच्या खोलीत माझी रेकॉर्ड झाली. मनुबाई शेजारी बसली होती. मी नावं घेतली, माझ्याच घरातली, बाबाजी आजोबा, जनीआत्या. दुसऱ्या बाजूला बोळवण पूर्ण म्हटली. ती रेकॉर्ड खपली, चांगली खपली! आपल्याकडे लग्नात ती लावतात आणि न चुकता उलटवतात. ते कुणाला शिकवावं लागलं नाही.

ही बघा, माझ्याकडची प्रत. चावी देते, दुसरी बाजू ऐका. माझं गाणं संपल्यावर सुई उचलू नका, थोडं थांबा.

ऐकलीत? अनवाणी पावलं, बाहेर जाणारी. ती माझी माणसं, त्यांची मला भीती नाही.

आता त्यांच्यामागून... हां. करकर. करकर. बुटांची. दारापर्यंत जातात, थांबतात, आणि परत आत येतात. त्यांना नाव घेऊन बोळवायला हवं, मला कळतं. पण जिवंत माणसाचं नाव या गाण्यात घ्यायचं नसतं, आणि ते मेले असं सांगणारं आजवर कुणी भेटलं नाही. कुणीतरी सांगेल. तोवर मी रोज बोळवण म्हणते, मी काही थकणारी नाही.

पहिल्या वर्षी तो आवाज अगदी लांब होता, खोलीच्या पार त्या टोकाला. नंतर जवळ आला. सुई उचला आता. उचला म्हणते ना...

उचललीत?

मग हे अजून कुठं वाजतंय?