उलटा कप, डावा डोळा

ड्रॉवरमध्ये एकोणचाळीस डोळे आहेत. त्यांतला एकही मिटत नाही.

टेबलावर उलटा कप दिसला, की गोष्ट तिथेच थांबवायची. का, ते विचारायचं नाही.

मोजणीच्या दुर्बिणीला एका वेळी एकच डोळा लागतो.

तिच्या उजव्या बुबुळात, घड्याळात पाचचा आकडा असतो त्या जागी, मधाच्या रंगाचा एक ठिपका आहे.

बंद दाराच्या आतून कुणीतरी तीनदा टकटक करतं.

*

तो आला तेव्हा बाहेर इतकं धुकं होतं, की काचेच्या दारापलीकडे आधी नुसता कोट दिसला. मग हळूहळू कोटात माणूस उमटला.

"चष्म्याचं दुकान…?"

"खालच्या मजल्यावर," ती ब्रश धुता धुता म्हणाली. "इथे डोळेच मिळतात."

तो जायला वळला. थांबला. मग त्यानं काळा चष्मा काढला. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती.

"मग बरोबर आलो म्हणायचं."

ती कृत्रिम डोळे बनवायची. पातळ वाटीसारखी पांढरी कवची, त्यावर हातानं रंगवलेलं बुबुळ, आणि शिरांच्या जागी लाल रेशमाचे केसाएवढे धागे. तो जमिनी मोजायचा. वर्षापूर्वी मोजणी करताना एक वाळकी फांदी सटकन परत डोळ्यावर आली होती.

"तिच्या मनात काही नव्हतं," तो म्हणाला. "आणि आमच्या धंद्यात तसाही एकच डोळा लावतात. दुसरा सुट्टीवर गेला असं समजायचं."

तिनं त्याला खिडकीपाशी बसवलं. रंग जुळवायचा तर उजेड दिवसाचाच लागतो, आणि शाबूत डोळ्यात बराच वेळ बघावं लागतं. हे ती दहा वर्षं करत होती. कुणाच्या डोळ्यात बघताना तिचा हात कधी थांबला नव्हता.

"हलू नका. माझ्याकडे बघा."

"बघतोच आहे."

"…इतकं नको."

"मग किती, ते सांगा. मोजून बघतो."

तिनं मान खाली घातली आणि नसलेला रंग ढवळला.

तिसऱ्या बैठकीला डोळा बसला. आरशात बघत त्यानं मान डावीकडे, उजवीकडे वळवली. मग म्हणाला, "कुणाला कळणार तर नाही ना?"

"माझ्याकडून नाही. धंद्याची शपथ आहे."

निघताना त्याचं लक्ष फडताळाकडे गेलं. तिथे नकाशे होते, पेन्सिली होत्या आणि वीस बाजूंचे फासे.

"हे काय?"

"रविवारचं वेड. एक चौथा माणूस हवाय आम्हाला."

*

दर रविवारी चार वाजता कामाचं टेबल रिकामं व्हायचं आणि खेळ सुरू व्हायचा. खेळात ती सूत्रधार. ती गोष्ट सांगायची, बाकीचे त्या गोष्टीत आपापलं पात्र होऊन वागायचे. जमेल की नाही, ते फासा ठरवायचा. बरं की वाईट, ते मात्र ज्याचं त्यानं.

तिची चुलत ताई नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होती, खेळात वैदू. कुलपं दुरुस्त करणाऱ्या मित्राला सगळे वकील म्हणायचे, कारण तो कुलपाशीही वाद घालायचा. तो खेळात चोर. आणि नवा मोजणीदार झाला वेशीचा पहारेकरी. त्यानं गाव राखायची शपथ घेतली होती.

पहिल्याच दिवशी प्रत्येकानं एका कागदावर लिहून द्यायचं, या टेबलावर काय नको. वकिलानं लिहिलं, साप. मोजणीदारानं लिहिलं, कीव. ताईनं लिहिलं, लहान मुलाला एकटं सोडणं. तिला कारण कुणी विचारलं नाही. आणि ऐन खेळात काही सोसवेना झालं, तर कप उलटा करायचा. सहा वर्षांत तीनदा झाला होता. तिन्ही वेळा गोष्ट चटकन थांबली होती.

त्या रविवारी खिडकीबाहेर धुकं होतं, गोष्टीतही होतं. डोंगरात एक दार. ते उघडं राहिलं, की धुकं गावात उतरतं आणि सकाळी एक घर रिकामं सापडतं. अंथरुणं उबदार, माणसं नाहीत.

"दाराच्या आत कंदील आहे," ती हलक्या आवाजात म्हणाली. "कंदिलामागे एक लहान मुलगी. ती म्हणते, मला थंडी वाजतेय. कंदिलाचा उजेड तिच्या अंगावर पडतो, पण… तिची सावली पडत नाही."

"हा सापळा आहे," वकील म्हणाला. "दार लावा. एक पोर इकडे, अख्खं गाव तिकडे."

"आणि ती खरी असली तर?" ताई म्हणाली.

"ताई, सावली नाहीये तिला!"

"माझ्या वॉर्डात काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळांचीही पडत नाही धड. म्हणून काय पेटी बंद करून घरी जायचं?"

"खेळ आहे हा!"

"म्हणून तर विचारतेय. खेळातही तू असाच वागणार का?"

मोजणीदार समोर, सूत्रधाराकडे बघत होता. खिडकीचा राखाडी उजेड त्याच्या दोन्ही डोळ्यांत सारखाच पडला होता. ताई त्याच्या डाव्या हाताला.

"मी शपथ घेतलीय," तो सावकाश म्हणाला. "मी दार लावतो. अडसर टाकतो. आतून टकटक होते… मी मोजतो. एक."

सूत्रधारानं त्याला थांबवलं नाही.

"दोन."

बाहेरचं धुकं काचेला टेकलं.

"तीन. मग टकटक थांबते."

खुर्ची धाडकन मागे सरकली. ताई उभी होती. तिच्यापुढे कप पालथा पडला होता, त्याच्याखालून चहाचा ओघळ थेट मोजणीदाराच्या कोपरापर्यंत आला होता.

"कधीचा उलटा केलाय मी!"

त्यानं मान वळवली. "माझ्या लक्षात—"

"डोळ्यांसमोर होता तुमच्या! डोळा कपाकडे होता, मी बघत होते की!"

डोळा खरंच त्या बाजूचा होता. तिनं रंगवलेला, जिवंतासारखा. तो खऱ्याबरोबर वळायचा, चमकायचा. बघायचा तेवढा नाही.

"हा पुढच्या वेळी असेल तर मी नाही," ताई म्हणाली आणि जिन्यावरून तिची पावलं उतरत गेली. वकील फासे गोळा करून तिच्यामागे गेला.

"सांगून टाका ना," ती म्हणाली. "एक वाक्य आहे."

"वर्षभर सगळे माझ्या पट्टीशी बोलत होते. आवाज मऊ करून." तो कोट घालत होता. "या टेबलावर पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर ओरडलं. बरं वाटलं, खोटं नाही सांगत. मी नाही येत आता. तुमचं टेबल मोडू नका माझ्यापायी."

तो गेला. धुक्यात आधी माणूस विरला, मग कोट.

ती कप धुवायला वळली आणि ड्रॉवरमधून आवाज आला. टक. टक. टक.

डोळा घरंगळला असेल. तिनं उघडून पाहिलं. सगळे आपापल्या खणात होते. आणि सगळे तिच्याकडे बघत होते… जणू विचारत होते, बाई, त्या वेळी तू कुठं बघत होतीस?

*

पुढच्या रविवारी तिनं तिघांनाही बोलावलं. मोजणीदाराला फोनवर एवढंच म्हणाली, "खुर्ची बदललीय. येऊन बघा." त्याच्या डाव्या हाताला आता भिंत होती.

ताई आली, पण कोट काढला नाही.

"दार लावणं बरोबर की चूक, ते मी ठरवणार नाही," सूत्रधार म्हणाली. "ते गोष्टीतलं, गोष्टीत भांडा. कप ही खऱ्यातली गोष्ट. तो बघणं माझं काम. मी पाहिला नाही. ताईच्या कागदावरचं तिथवर जाऊ दिलं, तेही माझंच चुकलं. शिवाय नियमातच खोट होती, कप नुसता दिसतो. यापुढे उलटा करून टेबलावर वाजवायचा."

"तू पाहिला नाहीस?" ताईनं डोळे बारीक केले. "सहा वर्षांत तुझ्या नजरेतून साखरेचा दाणा सुटला नाही. कुठं बघत होतीस?"

वकील छताकडे बघू लागला. ती लाल झाली, कानांपर्यंत.

"अगं बाई," ताई म्हणाली.

तेवढ्यात मोजणीदारानं मान खाली घातली, हात डोळ्याशी नेला, आणि रुमाल पसरून त्यावर काहीतरी ठेवलं. डोळा टेबलावरून चौघांकडे बघू लागला. वकिलानं "आई गं!" करून खुर्ची मागे ओढली.

"कप याच्यासमोर होता," तो म्हणाला. "हा साक्षीला घेतला तर काही सांगणार नाही. चुकलो, ताई."

ताईनं रुमाल जवळ ओढला. नर्सच्या नजरेनं डोळा न्याहाळला. मग त्याच्याकडे वळून, आवाज जरासुद्धा मऊ न करता म्हणाली, "हे आधी सांगायला काय झालं होतं? आठवडाभर झोपले नाही मी! धुवून घाला तो, धूळ बसेल." मग बहिणीकडे वळली. "त्याच्याकडे निदान सबब आहे. तू तर दोन डोळे घेऊन बसली होतीस."

तिनं कोट काढला.

गोष्ट मागे, अडसराच्या आधी नेली. यावेळी तिघं दारापाशी भांडत राहिले, पाऊण तास. शेवटी पहारेकरी म्हणाला, गाव राखायची शपथ आहे, तर गाव कुठं संपतं ते मीच मोजीन. ही मुलगी गावातच धरायची. फासा पडला. मुलगी बाहेर आली. कंदील विझला. आणि बंद दाराच्या आतून टकटक झाली, तीनदा.

"आता कोण?" वकील कुजबुजला.

"मी नाही वाजवलं," सूत्रधार म्हणाली.

कुणीच वाजवलं नव्हतं. कप सगळे सुलटे होते.

*

ताई आणि वकील खाली गेल्यावर तो मागे रेंगाळला.

"एक तक्रार आहे. डोळ्यात चूक झालीय. आरशात बघताना सापडली… पाच वाजतात त्या जागी एक ठिपका. मधाच्या रंगाचा. माझ्या उजव्यात नाही."

"…रंगाचा शिंतोडा असेल."

"असेल." तो खिडकीपाशी आला. "हलू नकोस. माझ्याकडे बघ."

तिनं पाहिलं. त्यानंही, एकाच डोळ्यानं, बराच वेळ.

"हा शिंतोडा मी कुठंतरी पाहिलाय," तो म्हणाला.

"पुसून देऊ?"

"हात तर लावून बघ."

तिनं हात लावला, पण डोळ्याला नाही. गालाला. बाहेर धुकं काचेला टेकून ऐकत होतं. ड्रॉवरमध्ये काहीतरी घरंगळलं. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

त्याच्या डोळ्याच्या पहिल्या बैठकीच्या कागदावर, बुबुळावरच्या खुणांच्या रकान्यात, तिच्या अक्षरात लिहिलं आहे : ठिपके – नाहीत.