माडबंदरचा आर्चबिशप

प्रयोगशाळेतला एसी बिघडला होता आणि वत्सला कोचरेकरला दुरुस्तीवाल्याला फोन करायचाही कंटाळा आला होता. समोरच्या पडद्यावर तेच आज्ञापत्र उघडं होतं. तिनं ते इतक्यांदा वाचलं होतं की आता अक्षरं नुसती मुंग्यांसारखी दिसत होती.

"माडबंदरात घंटा वाजणार नाही. लग्नाचा मांडव उभा राहणार नाही. प्रेत उचललं जाणार नाही. ज्यांनी माझा निवाडा मोडला, ते अनवाणी येऊन सगळ्यांसमोर माफी मागेपर्यंत."

खाली नाव : उलरिख, हाल्डेनबर्गचा आर्चबिशप.

उलरिखला मरून आठशे वर्षं झाली होती. वत्सलाचा भाऊ जनार्दन परवा मेला होता. लाँच धक्क्याला लावताना छातीत कळ आली आणि खलास. आता आठशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसानं परवा मेलेल्या माणसाला शवागारात अडकवून ठेवलं होतं. आणि त्या जुन्या मेलेल्याला उठवून बसवणारी बाई म्हणजे वत्सलाच.

दार ढकलून इनास तुस्कानो आत आले. वसईचे, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. उलरिखची पत्रं, निवाडे, दानपत्रं त्यांनीच लॅटिनमधून काढून दिली होती. त्यांच्या मागोमाग नगराध्यक्ष बबन म्हसकर. पांढरे बूट, कपाळाला घाम, आणि रागावलेला आवाज.

"मॅडम, तुमचं ते यंत्र बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"करते," वत्सला म्हणाली. "मग?"

"मग काय? संपलं!"

"संपत नाही साहेब," इनास खुर्चीत बसत म्हणाले. "आर्चबिशपनं धर्मबंदी लावली आणि तो मेला, तरी बंदी चालूच राहायची. उठवायला माणूस लागतो. तुम्ही त्यालाच मारलंत तर उठवणार कोण?"

"अहो, पण आम्ही हा कशाला आणला होता? सल्ला द्यायला! हा तर आमच्याच डोक्यावर बसला."

वत्सलाला हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलंच नाही. कशाला आणला होता ते तिला चांगलं आठवत होतं. मिरवणूक कुठल्या गल्लीतून न्यायची, भोंगा किती वाजता बंद, पाण्याची पाळी आधी कुणाची, एवढ्यावरनं गावात डोकी फुटायची. मध्यस्थ कुणीही नेमा, दोन मिनिटांत त्याची जात निघायची, नाहीतर मामेभाऊ निघायचा. म्हणून म्हसकरांनीच सभेत टेबल आपटून सांगितलं होतं, असा माणूस आणा ज्याचा इथं कुणी नातेवाईक नाही.

इनास सरांनी नाव सुचवलं. जर्मन आर्चबिशप. एका हातात धर्म, दुसऱ्या हातात राज्य. राजा कोण होणार, हे ज्या मोजक्या लोकांच्या मतावर ठरायचं त्यातला एक. भांडणं मिटवण्यात आयुष्य घालवलेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याचा भाचा टेंडर मागायला येणार नव्हता.

"तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं," वत्सला म्हणाली. "हा मनठसा आहे. माणसाचे निवाडे पुरेसे मिळाले की त्याची निवाडा करायची सवय उचलता येते. मातीत पाऊल उमटतं ना, तसं. हा उलरिखसारखा बोलतो असं नाही, हा उलरिखसारखं ठरवतो. तो जे करेल तेच हा करणार. त्याबाहेरचं याला जमत नाही."

"म्हणजे बंदी लावणं त्याच्या सवयीत होतं?"

"हो ना," इनास म्हणाले. "दोनदा लावली होती, स्वतःच्याच शहरावर. तुम्ही त्या खाडीकाठच्या जागेचा निवाडा मागितलात. त्यानं सांगितलं, तिथं मासळी वाळते, तशीच वाळू दे. तुम्ही रविवारी जेसीबी घातलात."

"पार्किंग हवंय हो गावाला!"

"मग त्याला विचारायचं नव्हतं," वत्सला म्हणाली.

"अनवाणी मी येणार नाही," म्हसकर म्हणाले. "पुढच्या वर्षी निवडणूक आहे." आणि बूट वाजवत गेले.

इनासनी खिशातून कागदात गुंडाळलेला पाव काढून तिच्यापुढे सरकवला. "खा. आई कशी आहे?"

"बसलीय. भिंतीला टेकून." पावाला हात न लावता ती कळफलकाकडे वळली. "सर, मी कुलूप शोधते. स्मशानातली विजेची भट्टी यानं कुठून अडवली ते सापडलं की तेवढीच तार सोडवते. यंत्र चालू राहू दे."

दुपार अशीच गेली. तिनं नगरपालिकेच्या सगळ्या जोडण्या एकेक करून उघडल्या. पाणी, दिवे, दाखले, दवाखाना, भट्टी. मग पहिल्यापासून पुन्हा. मग मागे टेकून तिनं डोळे चोळले.

"काय झालं?"

"याच्या हातात काहीच नाही, सर. एकही जोडणी नाही. आपण दिलीच नव्हती. फक्त पत्र लिहून ते नगरपालिकेच्या ऑनलाइन फलकावर लावायची परवानगी आहे. त्यानं तेवढंच केलंय."

"मग भट्टी?"

"चालू आहे. कालही होती."

इनासनी न खाल्लेला पाव पुन्हा कागदात गुंडाळला. "त्याच्याकडे तेव्हाही फौज नव्हतीच गं," ते हळूच म्हणाले. "पत्रच होतं. घंटा वाजवणारे हात लोकांचेच होते, थांबलेही त्यांचेच."

वत्सला उठली. डोकं भणभणत होतं. घरी जाताना रिक्षाच्या काचेवर बिशपबाबांचा फोटो होता, झेंडूची माळ घातलेला. फोटो कसला, तिच्याच एका शिकाऊ मुलीनं काढलेलं चित्र. तिला ते टराटरा फाडावंसं वाटलं.

"यांनी नाव ठेवलं माझ्या पोरीचं," रिक्षावाला आरशातून म्हणाला. "दोन्ही घरं हटून बसली होती. बाबांनी एका ओळीत मिटवलं."

घरी आई तशीच भिंतीला टेकून होती. जनार्दनची मुलगी पूर्वा तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

"आई, ऊठ. दादाला नेऊया. भट्टीला कुलूप नाहीये. कुणी अडवलेलंच नाही आपल्याला. ते पत्र म्हणजे नुसतं पत्र आहे. मी बनवलंय ते यंत्र, मला माहीत आहे."

"कुलूप नाही ते ठाऊक आहे गो," आई म्हणाली. "कुलूप असतं तर मीच जाऊन तोडलं असतं."

"मग?"

"खांदा कोण देणार? शेजारचा पांडू येतो काय बघ. त्याची पोर लग्नाची आहे. धक्क्यावरचे येतात काय बघ, सगळ्यांनी घरं धरलीत. तू बटण दाबशील. तुझं काय, तू शिकलेली. उद्या या पोरीला पाणी द्यायला कुणी दारात येईल? म्हणतील, हिच्या बापाला चोरून जाळला."

"आई, तो खरा बिशप पण नाही!"

"तुझा बाबा देवळात नारळ ठेवायचा. तो काय 'तू खरा देव काय' असं दगडाला विचारून ठेवायचा?"

वत्सला ओरडणार होती. पण पूर्वानं झोपेत कूस बदलली आणि वत्सलाचा राग तिथंच विरला. भांडायलाही अंगात काही उरलं नव्हतं.

तिनं इनासना फोन लावला. "सर, दुसऱ्या बंदीच्या वेळी लोकांनी काय केलं? ज्यांच्या घरात माणूस मेलेला होता त्यांनी?"

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "आले. अनवाणी. सगळ्यांसमोर म्हणाले, बंदी लावायचा अधिकार तुमचा आहे. त्यांना त्यानं सोडलं. प्रेतं अडवून त्याला काय करायचं होतं? त्याला तेवढं वाक्य हवं होतं." मग थांबून म्हणाले, "वत्सला, तू नको. तू बनवलंयस त्याला. तू वाकलीस तर..."

"दादा तिसऱ्या दिवशीही फ्रीजमध्ये आहे, सर."

प्रयोगशाळेत कुणी कधी चपला काढत नसे. फरशीवर तारांचं जाळं, कुठं काय टोचेल नेम नाही. वत्सलानं दारातच काढल्या. फलकाला जोडलेला कॅमेरा सुरू केला. गाव बघत असणार हे तिला माहीत होतं. चार दिवस गावाला दुसरं बघायला होतंच काय.

"बंदी लावायचा अधिकार तुमचा आहे," ती म्हणाली. आवाज कोरडा आला. "माझ्या भावाला सोडा."

पडद्यावर ओळ उमटली. "सोडलं. नेताना घंटा वाजवू नका."

बस. तिनं लिहिलेल्या गणितातनं निघायला हवं होतं तेच, तसंच.

ती घरी पोचायच्या आत अंगणात तिरडी बांधून झाली होती. पांडू होता, धक्क्यावरची सगळी पोरं होती. खांद्याला चार माणसं लागतात, तिथं चौदा जणांची ढकलाढकली चालली होती. आईनं पहिल्यांदा भिंतीचा टेका सोडला आणि ती मोकळेपणानं रडली. घंटा कुणीही वाजवली नाही.

संध्याकाळी डोक्यावरनं पाणी घेऊन, ओल्या केसांनी वत्सला परत निघाली. आता बंद करायचं, तिनं ठरवलं होतं. गावाला सांगायचं, बघा, नुसतं पत्र होतं. रागावतील, रागावू देत.

प्रयोगशाळेच्या जिन्यापासून चपला सुरू झाल्या होत्या. रबरी, चामडी, लहान पोरांच्या. रांग खालच्या रस्त्यापर्यंत गेली होती. पायात काही न घालता उभे असलेले लोक तिला वाट करून देत होते. "मॅडम स्वतः वाकल्या," कुणीतरी मागच्याला सांगत होतं. "ज्यांनी बनवलं त्या वाकल्या, म्हणजे बघ." रांगेत सगळ्यात पुढं म्हसकर होते, अनवाणी, शेजारी फोटोग्राफर. त्यांचे पांढरे बूट भिंतीला नीट लावून ठेवलेले.

"तुम्ही चांगली वाट दाखवलीत मॅडम," ते हात जोडून म्हणाले. "जागा तशीच ठेवतोय. आणि सभेत ठराव आणतोय. पाणी, दिवे, भट्टी, सगळ्या जोडण्या बाबांनाच देऊन टाकू. कटकटच नको."

ती आत गेली, दार लोटलं. मुख्य कळ टेबलाखाली होती. वाकून तिनं बोट तिच्यावर ठेवलं.

फरशी गार लागली.

तिनं खाली बघितलं. पाय अनवाणी होते; चपला बाहेर होत्या, बाकीच्यांच्या चपलांशेजारी. कधी काढल्या ते तिला आठवेना. काढ म्हणून या वेळी तिला कुणीही सांगितलं नव्हतं.