डाव्या दाराचा रंग

पलूसची अंकिता कोयना खोऱ्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होती. तिकडं एसटी दिवसातनं एकदा यायची, तीही आली तर. घाटात स्कूटी दमायची, म्हणून तिनं एक जुनी पांढरी गाडी घेतली. रंगाचे पोपडे निघाले होते, म्हणून ती भावाचा दोस्त वाजिद याच्या गाड्या रंगवायच्या शेडवर नेली.

"ताई, वरनं फवारा मारला तर स्वस्तात भागंल," वाजिद म्हणाला. "पत्र्यापातूर घासायचं म्हणलं की दुप्पट."

"वरनंच मारा. जास्तीचं न्हाई परवडायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "जरा येऊन जावा, ताई."

शेडमध्ये थिनरचा उग्र वास कोंडला होता. वीज गेलेली, कॉम्प्रेसर गप्प. गाडी चकाकत होती. फक्त मागच्या डाव्या दारावरचा रंग सुरकुतून, ओघळून लोंबत होता.

"तीनदा मारला, वाळतच न्हाई. आन् ऐका..."

खर्र... खर्र...

पॉलिश पेपरनं पत्रा घासावा तसा आवाज. पण आतनं.

"उंदीर आसंल."

"आतलं कव्हर काढून बघितलं. मोकळं हाय."

अंकितानं दारावर तळवा टेकला. एवढ्या उन्हात पत्रा गारढोण होता. बोटांखाली बारीक थरथर जाणवली, मग ती पुढं सरकली. अंकिताचा हात तिच्यामागनं गेला. बिजागरीपाशी येऊन आवाज थांबला आणि तिथंच, एकाच जागी, घासत राहिला.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी हात काढवेना. वाचा गेलेले पेशंट असाच नर्सचा हात ओढून दुखऱ्या जागेवर नेतात.

"वाजिदभाई, ह्ये भ्या दावत न्हाई. कुठं दुखतंय ते सांगतंय."

"मी न्हाई हात लावणार, ताई..."

"मग पेपर मला द्या."

ती स्वतः बिजागरीपाशी घासायला बसली. पांढऱ्याखाली लाल रंग लागला. लालाखाली खड्डे बुजवायची लांबी, बोटभर जाडीची. त्या लांबीचा खपला पडला आणि आतला आवाज एकदम बंद झाला. वाजिद हळूच जवळ आला. दार पेलणारा खांब आरपार चिरला होता.

"पलटी खाल्लेली गाडी हाय ही," तो पुटपुटला. "ह्या अंगाला कोण बसलं हुतं, देव जाणं. आन् विकणाऱ्यानं नुसती लांबी भरली..."

अंकितानं त्या चिरेवरनं बोट फिरवलं.

"वेल्डिंग करा. सगळी गाडी पत्र्यापातूर घासा. माझी स्कूटी विकते मी."

गाडीला तिनं परत तोच लाल रंग दिला. या वेळी तो एका दिवसात वाळला.

मार्गशीर्षात एका सकाळी वरच्या वाडीतली सोनम बाळंतपणात अडली. तिला मागच्या सीटवर आडवी घातली, सासू साळूबाई पुढं बसली. घाटात धुकं एवढं दाट, की बॉनेटही दिसेना. वळणावर अचानक ट्रक अंगावर आला. अंकितानं गाडी डावीकडं घेतली. सगळी डावी बाजू कड्याला घासत गेली. साळूबाई ओरडली. पण मागचं डावं दार निघालं नाही. गाडी तशीच पाटणच्या दवाखान्यापर्यंत पोचली.

मुलगी झाली. रडणं ऐकून साळूबाईनं तिथंच फरशीवर बसून हात जोडले.

संध्याकाळी अंकिता भेटायला गेली, तेव्हा सोनम हसली. चेहरा थकलेला, पण उजळलेला.

"त्या बाई कुठं गेल्या वं? गाडीत सारखं 'हाय मी, हाय मी' म्हणत हुत्या. लय जोरात धरला मी त्यांचा हात..."

"मागं तू एकटीच हुतीस, सोनम."

सोनमनं उशाखालनं काहीतरी काढून मूठ उघडली. तळव्यावर हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा होता. तिच्या स्वतःच्या बांगड्या वाडीवरच उतरवल्या होत्या. साळूबाईचे हात कैक वर्षांचे मोकळे, आणि अंकिता ड्युटीवर बांगडी घालत नसे.

पाळण्यातली पोर जागी होती. ती कुणाचं तरी बोट धरावं तशी मूठ वळून, वर बघत होती.