नखं कापायला आलेला माणूस

दारात उभा असलेला माणूस नखशिखांत भिजला होता. इंग्लंडमधल्या मोरकंबच्या समुद्रावरचा वारा पावसाला आडवा मारत होता. कर्स्टीने त्याला पाहिलं मात्र, बाही धरून आतच ओढलं.

"किती उशीर! एडना सकाळपासून पाय सोडून बसलीय."

"अहो, पण मी—"

"आधी टॉवेल घ्या, मग बोला!"

वृद्धांच्या त्या घरात दर मंगळवारी पायांची नखं कापायला एक माणूस यायचा. आज त्याच्याऐवजी बदली माणूस येणार होता. अठ्ठ्याऐंशीच्या एडनाबाईंनी मोजे काढून पाय त्याच्या पुढ्यात ठेवले आणि त्याला नीट न्याहाळलं. "देखणा आहेस हो. हात हलका आहे ना?"

तो कानापर्यंत लाल झाला. "हात हलका आहे… पण मी शहराच्या कौन्सिलकडून आलोय. तपासणीला. रोरी माझं नाव."

कर्स्टीने कपाळावर हात मारला. ओळखपत्र न बघता परक्या माणसाला थेट म्हाताऱ्यांत आणून बसवलं! आणि ती म्हणे या घराची व्यवस्थापक! कौन्सिलची माणसं न सांगता येतात, हे काय तिला ठाऊक नव्हतं? मागच्या खेपेलाच उणिवा निघाल्या होत्या. आता घर नापास झालं, तर कौन्सिल इथल्या सगळ्यांना दुसरीकडे हलवणार होती. एडनाला या वयात हलवायचं म्हणजे… छे! तो विचारच नको.

जेवणाच्या वेळी रोरी कोपऱ्यात बसला. कोण घाईने भरवतं, कोण विचारून वाढतं, हे बघणं हेच त्याचं काम. एडनाला मासे-बटाटे भरवताना कर्स्टी प्रत्येक घास दोन-दोनदा विचारून देत होती.

"अगं पोरी, घाबरतेस काय?" एडना कुजबुजली. निदान तिला तरी ते कुजबुजणं वाटलं. ऐकू गेलं अख्ख्या खोलीला. "तो माझं ताट बघत नाहीये. तुला बघतोय."

"गप्प बसा हो!"

तिने चोरून वर पाहिलं. खरंच बघत होता मेला! दोघांनीही घाईघाईने मान खाली घातली.

निघताना तो दारापाशी घुटमळला.

"दारावरची चूक मला लिहावी लागेल."

"लिहा. खरं तेच लिहा." कर्स्टी म्हणाली.

"आणि… या घराची तपासणी माझ्याकडून काढून घ्या, असंही सांगणार आहे."

"का? इतके वाईट आहोत आम्ही?"

"तुम्ही नाही हो, मी! ताटं बघायला बसलो होतो… आणि बघत कोणाला होतो, ते एडनाबाईंनी सांगितलंच."

कर्स्टीची कानशिलं तापली. "मग… आता?"

"आता दुसरं कोणी येईल. कधीही. सगळं पहिल्यापासून बघेल. निकाल लागेपर्यंत मी भेटणार नाही, फोनही नाही. प्रेमापोटी पास केलं, असं कोणी म्हणायला नको."

प्रेम! एवढा मोठा शब्द टाकून पठ्ठ्या पावसात चालता झाला.

पुढचे दिवस कर्स्टीने कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. दाराची घंटा वाजली की ती धावत जाऊन आधी ओळखपत्र मागायची. रोरी आठवला की हसू यायचं, आणि पाठोपाठ भीती… याच्या खरेपणापायी एडनाचं घर गेलं तर?

मग एक करड्या केसांची बाई आली. दिवसभर बसली, एडनाशी दार लावून बोलली आणि एकदाही न हसता निघून गेली.

आठवड्याने फोन आला. दारावरच्या चुकीबद्दल चांगली कानउघाडणी झाली. पण घर पास झालं होतं. एडनाच्या मांडीवर डोकं ठेवून कर्स्टी ढसाढसा रडली.

"इथे काय रडतेस?" एडनाने तिला ढकललं. "जा की त्याच्याकडे!"

ती कामाच्या कपड्यांतच कौन्सिलच्या पायऱ्यांशी पोहोचली. रोरी सँडविच घेऊन बाहेर पडत होता. तिला बघून जागीच थबकला.

"पास झालो," ती धापा टाकत म्हणाली.

"कळलं मला… पण यायचा धीर होईना. मी लिहिलेल्या चुकीने घर बंद पडलं असतं, तर?"

"तर जन्मात तुझं तोंड पाहिलं नसतं."

"आणि… आता?"

वाऱ्याने तोंडावर आलेले केस तिने मागे सारले आणि त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. "आता बघतेय ना, मेल्या," ती म्हणाली.